रिव्हॉल्वर खपवलं कुणी? कारखान्यानं की पडद्यानं?

रीळवेडा

परवा एका मित्राशी वाद रंगला आणि अर्ध्यावरच राहिला, म्हणून हा धागा. माझं म्हणणं सरळ आहे. जुन्या धाटणीची रिव्हॉल्वर अमेरिकेत आजही हौसेनं घेतली जातात ती पडद्यामुळं. सिनेमा आणि टीव्ही नसते तर यातली निम्मी मॉडेलं केव्हाच संग्रहालयाच्या कपाटात जाऊन पडली असती.

कोल्टचं सिंगल ॲक्शन आर्मी घ्या. काउबॉयच्या कमरेला दिसतं ते. १८७३ सालचं. प्रत्येक बाराला अंगठ्यानं घोडा मागं ओढायचा, रिकामी काडतुसं नळीखालच्या दांडीनं एकेक ढकलून काढायची. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर कोल्टनं ते बनवणं थांबवलं. मग टीव्ही आला आणि त्यावर काउबॉयपटांचा रतीब सुरू झाला. १९५३ मध्ये रुगर कंपनीनं त्याच ठेवणीचं, पण .२२ च्या स्वस्त काडतुसांवर चालणारं 'सिंगल-सिक्स' काढलं. १९५४ ला लॉस एंजेलिसच्या ग्रेट वेस्टर्न कंपनीनं कोल्टची सरळ नक्कलच बाजारात आणली. तेव्हा कुठं कोल्टला जाग आली आणि १९५६ मध्ये त्यांनी आपलंच बंद केलेलं मॉडेल पुन्हा सुरू केलं. मधल्या काळात त्या बंदुकीत नाव घेण्यासारखी काहीही सुधारणा झालेली नव्हती. बदललं होतं ते गिऱ्हाइकाच्या दिवाणखान्यातलं खोकं.

दुसरं उदाहरण सगळ्यांना पाठ आहे. 'डर्टी हॅरी', १९७१. स्मिथ अँड वेसनचं .४४ मॅग्नम, मॉडेल २९, तोवर पंधरा वर्षं बाजारात होतं. शिकारी आणि नेमबाज सोडले तर त्याची फारशी विचारपूस नव्हती. क्लिंट ईस्टवुडनं ते रोखलं, जगातली सर्वांत ताकदवान हँडगन म्हणून त्याची ओळख करून दिली, आणि लोक छापील किमतीच्या वर पैसे मोजायला लागले. (तो दावा तेव्हाही खरा नव्हता. .४५४ कसुल नावाचं त्याहून जोरकस काडतूस पन्नासच्या दशकाअखेरीच तयार झालं होतं. पण कसुलला ईस्टवुड मिळाला नाही.)

आणि हे माझं हुकमाचं पान: बंटलाइन स्पेशल. काउबॉय काळातला प्रसिद्ध पोलीस अधिकारी वायट अर्प याच्या १९३१ सालच्या चरित्रात लेखक स्टुअर्ट लेकनं लिहिलं की नेड बंटलाइन या कादंबरीकारानं अर्पला आणि आणखी चौघांना खास लांब नळीची कोल्ट भेट दिली होती. या भेटीचा पुरावा आजतागायत सापडलेला नाही. ऑर्डरप्रमाणं लांब नळीची काही रिव्हॉल्वर कोल्टनं त्या काळी बनवली होती खरी, पण या किश्श्याशी त्यांचा संबंध लागत नाही. १९५५ मध्ये अर्पवर टीव्ही मालिका आली, नायकाच्या कमरेला ती लांबलचक नळी लटकायला लागली, आणि १९५७ मध्ये कोल्टनं १२ इंची नळीचं 'बंटलाइन स्पेशल' विकायला काढलं. म्हणजे दंतकथा आधी आणि बंदूक मागून! यावर बोला.

उलटतपासणी

बोलतो. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली की तुम्ही कावळ्याला सुतार ठरवता.

पहिली गोष्ट, काउबॉयचे वेड सिनेमाने लावलेले नाही. बफेलो बिलचा 'वाइल्ड वेस्ट' खेळ १८८३ मध्ये सुरू झाला. दहा सेंटला मिळणाऱ्या रंजक कादंबऱ्या त्याच्याही आधीच्या. १९०३ च्या 'द ग्रेट ट्रेन रॉबरी'त तो दरोडेखोर थेट प्रेक्षकांवर रिव्हॉल्वर झाडतो, तोवर या दंतकथेला निदान पाव शतक होऊन गेले होते. सिनेमाने तयार पिकात विळा घातला.

दुसरी गोष्ट, इटलीतल्या प्रतिकृती. आज जुन्या कोल्टच्या नकला बनवणारी मोठी नावे तिथली आहेत आणि लोक बिनधास्त म्हणतात, 'स्पॅगेटी वेस्टर्नमुळे, म्हणजे इटालियन दिग्दर्शकांच्या काउबॉयपटांमुळे, हा धंदा उभा राहिला.' उबेर्ती कंपनी १९५९ ची आहे. तिने सुरुवात केली ती कोल्टच्या १८५१ सालच्या नेव्ही मॉडेलपासून, कारण अमेरिकन यादवी युद्धाची शताब्दी १९६१ मध्ये येत होती आणि जुन्या लढायांचे प्रयोग करणाऱ्या हौशी मंडळींना हत्यारे हवी होती. सर्जिओ लिओनेचा पहिला वेस्टर्न १९६४ चा. तारखा तुम्हीच मांडा.

तिसरी. पडद्यात एवढी ताकद असती तर पोलिसांच्या कमरेचे रिव्हॉल्वर गेलेच नसते. १९८६ मध्ये मायामीत एफबीआयची चकमक झाली, दोन एजंट गेले, आणि रिव्हॉल्वरमध्ये गोळ्या कमी पडतात ही चर्चा सगळीकडे सुरू झाली. खाती ऑटोमॅटिक पिस्तुलांकडे वळली. 'डाय हार्ड'च्या नायकाच्या हातात १९८८ साली बेरेटा दिसते, कारण अमेरिकन लष्कराने ती १९८५ मध्ये स्वीकारलेली होती. सिनेमा बाजाराच्या मागून धावतो, पुढून नाही.

चांदणचुरा

बंदुकांतलं मला ओ की ठो कळत नाही, पण सिनेमे भरपूर पाहिलेत. एक सांगू का? रिव्हॉल्वरचं सगळं पोट बाहेर दिसतं. घोडा मागं जाताना दिसतो, सिलिंडर एक घर सरकताना दिसतो, गोळ्या मोजता येतात. पिस्तुलाचं सगळं आतल्या आत. कॅमेऱ्यानं बघायचं काय? 'द डिअर हंटर'मधला (१९७८) तो जीवघेणा खेळ पिस्तुलावर होऊच शकत नाही, फिरवायला काही नाहीच ना.

त्यामुळं उलटतपासणी म्हणतात तशी आवड आधीची असेलही, पण लोकांच्या डोळ्यांपुढं चित्र आहे ते कॅमेऱ्यानं निवडलेलं.

याच दिसण्यापायी सेटवर धोकाही वाढतो, हे कुठंतरी वाचलं होतं. जाणकारांनी खुलासा करावा.

चापओढे

@चांदणचुरा, बरोबर वाचलंत. रिव्हॉल्वर समोरून धरलं की सिलिंडरच्या घरांत गोळ्यांची टोकं दिसतात. नुसत्या आवाजाच्या काडतुसाला पुढं गोळी नसते, त्यामुळं जवळून घ्यायच्या दृश्यात दारू नसलेली, पण गोळी बसवलेली नकली काडतुसं भरतात. १९९३ मध्ये अभिनेता ब्रँडन ली गेला तो अशाच घोटाळ्यात. नकली काडतुसातली गोळी नळीत अडकून राहिली आणि नंतर आवाजाच्या काडतुसानं ती बाहेर फेकली. .४४ मॅग्नमच होतं तेही. असो, विषय वेगळा.

मूळ मुद्द्यावर माझे दोन पैसे. मी परदेशात असताना एका शूटिंग रेंजवर दोन-अडीच वर्षं नियमित जायचो. तिथं भाड्यानं मिळायचं म्हणून मॉडेल २९ एकदा हातात घेतलं. डोक्यात अर्थातच ईस्टवुड. वजन सव्वा किलोच्या पुढं, मूठ लाकडी आणि गुळगुळीत. पहिला बार काढला आणि नळी थेट छताकडं. अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या बेचक्यात असा ठोसा बसला की दुसऱ्या बाराला चाप ओढायच्या आधीच माझे डोळे मिटले. तिसरा नेम कुठं गेला ते लक्ष्याच्या कागदालाही माहीत नाही. सहा बार झाले आणि मी ते परत केलं. काउंटरवरचा माणूस हसला नाही, म्हणजे रोजचंच असणार.

तिकडच्या दुकानांत एक जुना विनोद चालतो: 'विकणे आहे, .४४ मॅग्नम, सोबत ५० काडतुसांचं खोकं, त्यात ४४ शिल्लक.'

त्यामुळं सिनेमा माणसाला काउंटरपर्यंत आणतो, हे कबूल. पण तो माणूस रोज कमरेला लावायला काय घेतो? आखूड नळीचं पाच गोळ्यांचं .३८. पडद्यावरच्या कुठल्या नायकानं ते मिरवलंय?

रीळवेडा

@चापओढे, जुन्या कृष्णधवल गुप्तहेरपटांत मिरवलंय की. आखूड नळी, कोटाच्या खिशात हात. कोल्टच्या त्या मॉडेलचं नावच 'डिटेक्टिव्ह स्पेशल'!

@उलटतपासणी, उबेर्तीच्या तारखा मान्य. पण 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'मध्ये ईस्टवुडच्या हातात जे नेव्ही आहे ते धातूच्या काडतुसावर चालणारं, आणि गोष्ट १८६२ ची. त्या साली कोल्टला तसं बनवताच येत नव्हतं, असं काडतूस मागून भरायला लागणाऱ्या आरपार भोकाच्या सिलिंडरचं पेटंट १८६९ पर्यंत स्मिथ अँड वेसनच्या हाती होतं. म्हणजे इतिहासाच्या हिशेबानं ती बंदूक चुकीची. तरी आज चांदीचा साप जडवलेल्या मुठीसकट अगदी तीच प्रतिकृती विकत मिळते. यादवी युद्धाच्या प्रयोगाला ती चालायची नाही. मग घेतं कोण?

उलटतपासणी

@रीळवेडा, डिटेक्टिव्ह स्पेशल १९२७ चे. त्या वर्षी सिनेमाला नुकता कंठ फुटत होता. तुमचे गुप्तहेरपट चाळीसच्या दशकातले. पुन्हा बंदूक आधी, सिनेमा नंतर. उदाहरण माझ्याच बाजूने दिल्याबद्दल आभार. :)

सापाची मूठ घेणारे आहेत, नाही कोण म्हणतो? मुद्दा त्यांच्या वजनाचा आहे. पायथन बघा. कोल्ट पायथन १९५५ चे. त्याच्या आतल्या भागांवर कारागीर हाताने काम करायचे, म्हणून चाप लोण्यासारखा चालायचा आणि म्हणूनच ते परवडेनासे झाले. २००५ च्या सुमारास बंद पडले. २०१० मध्ये 'द वॉकिंग डेड' मालिका आली, नायकाकडे सहा इंची पायथन. भाव चढले की सगळे म्हणाले, 'बघा, मालिकेचा प्रताप!' अहो, नवा माल येणे बंद, तसे काम करणारे हात कमी होत चाललेले, जुन्याचे भाव वेगळे काय होणार?

चापओढे

दोघांनाही पुरून उरेल असं उदाहरण देतो. तिकडं 'काउबॉय ॲक्शन' नावाच्या नेमबाजीच्या स्पर्धा होतात. १९८७ ची त्यांची संघटना आहे. नियमानं जुना पोशाख हवा, टोपणनाव हवं (आपल्यासारखंच), आणि सिंगल ॲक्शन रिव्हॉल्वर हवं, तेही दोन. रुगरनं १९९३ मध्ये 'व्हकेरो' हे मॉडेल याच मंडळींसाठी काढलं. इथं सिनेमा किती आणि खेळ किती, वेगळं करून दाखवा.

आता गंमत. अस्सल कोल्टचा घोडा सावकाश मागं ओढला की चार वेळा टिकटिक होते. शौकीन म्हणतात, बंदूक स्वतःचं नाव सांगते: सी, ओ, एल, टी. पण त्या जुन्या रचनेत सहावं घर रिकामं ठेवून त्यावर घोडा टेकवावा लागतो, नाहीतर बंदूक हातून पडली तरी बार उडू शकतो. सहा घरांच्या बंदुकीत पाचच गोळ्या. रुगरनं १९७३ मध्ये हा धोका घालवला, आत एक सरकती पट्टी बसवली, सहाही घरं बिनधास्त भरा. मात्र त्यात घोडा अर्ध्यावर अडकवायची खाच गेली आणि ती चार टिकटिकही गेली.

रेंजवर ओळखीचा एक म्हातारा होता, मेकॅनिक, बंदुकीचा स्क्रू न् स्क्रू माहीत. त्यानं व्हकेरो विकलं आणि इटालियन नक्कल घेतली. का, तर म्हणे, 'त्याचा आवाज बरोबर येत नाही.'

चांदणचुरा

बरोबर म्हणजे कशासारखा?

चापओढे

तेच मी विचारलं. म्हणाला, 'लहानपणी ऐकला तसा.' त्याच्या घरी तेव्हा बंदूक नव्हती. टीव्ही होता.

रीळवेडा

@उलटतपासणी, घ्या!

उलटतपासणी

एक म्हातारा म्हणजे बाजार नव्हे. बंटलाइनला मात्र माझ्याकडे उत्तर नाही, ते तुम्ही ठेवा. पायथन मी देत नाही. २०२० मध्ये कोल्टने ते पुन्हा काढले तेव्हा ती मालिका सुरूच होती, तरी कंपनीने डोके लावले ते आतल्या रचनेवर: भाग कमी केले, हाताचे काम कमी केले. मुठीवर नायकाचे नाव कोरले नाही.