प्रतिसाद: गरुड आणि गिलेमॉटांच्या वसाहती

गरुडांनी मारलेले पक्षी मोजले की समुद्रपक्ष्यांच्या वसाहतीचे नुकसान कळते, असे एक मत आहे; ते मला अपुरे वाटते. बाल्टिक समुद्रातील स्टोरा कार्ल्सो या स्वीडिश बेटावर २०२० मध्ये कोविड साथीतील निर्बंधांमुळे पर्यटक घटले, तसे माणसाला बुजणारे पांढऱ्या शेपटीचे समुद्री गरुड वारंवार येऊ लागले. आणि तिथे वसाहत करणारे गिलेमॉट हे समुद्रपक्षी उघड्या कड्यावर, घरटे न बांधता, एकच अंडे घालत असल्याने, ते घाबरून एकदम उडताच काही अंडी खाली घरंगळली, तर काही कुरव आणि कावळ्यांनी पळवली. शिकार थोडी, नासाडी मोठी. आपल्या पुणेकरांना भिगवणच्या पाणथळीवर मार्श हॅरियर हा शिकारी पक्षी आल्यावर उडणारी बदके परिचित आहेत, पण तिथे हिवाळी पाहुण्यांची अंडी पणाला लागलेली नसतात. तरीही गरुडांना हुसकावणे मला अयोग्य वाटते, कारण डीडीटी या कीटकनाशकासारख्या विषांमुळे खालावलेली त्यांची संख्या आता कुठे सावरली आहे.