मदत हवी आहे: फळं ठेवली की फ्रेंच टोस्टचा लगदा होतो

सणाच्या सकाळी घरातल्या १० जणांसाठी फळं घातलेला फ्रेंच टोस्ट करायचा आहे. रविवारी रंगीत तालीम केली. ४ अंडी, १ कप दूध, २ चमचे साखर, चिमूटभर मीठ, थोडी दालचिनी. चव छान, पण ब्रेड मधोमध ओलाच राहिला आणि वर स्ट्रॉबेरी ठेवल्यावर पाणी सुटून पार लगदा झाला. ब्रेड ताजा आणि मऊ होता, तिथेच चुकलं असावं. आता आदल्या रात्री जाड काप करून उघडेच ठेवणार आहे, म्हणजे जरा सुकतील. आचही मंद ठेवेन, साखरेमुळे बाहेरून फार लवकर करपतं.

अडलंय ते फळांपाशी. साखर घातली की स्ट्रॉबेरीला पाणी सुटणारच; मग तो रस निथळून, आटवून वेगळा वाढावा का? केळी लोण्यात परतली तर काळी पडणार नाहीत ना? आणि सगळ्यांना एकदम गरम कसं द्यायचं? ओव्हनमध्ये १०० अंशांवर जाळीवर ठेवले तर टोस्ट कुरकुरीत राहतात की वातड होतात?

ज्यांनी करून पाहिलंय त्यांनी कृपया सांगा. त्या दिवशी आईला सगळ्यांसोबत बसवून गरमगरम वाढायचंय.