मदत हवी आहे: मुंबईत रात्री 11:20 चा जन्म, चिनी पत्रिकेत तास उंदराचा की डुकराचा?

चिनी ज्योतिष, विशेषतः बाझी (जन्माचं वर्ष, महिना, दिवस आणि तास अशा चार स्तंभांची पत्रिका), जाणणाऱ्यांनी कृपया सांगा. माझी मुलगी रात्री अकरानंतरच खरी जागी होते. अभ्यास, चित्रं, सगळं तेव्हाच. तिचा जन्म मुंबईतला, रात्री 11:20 चा. चिनी पद्धतीत दिवसाचे दोन-दोन तासांचे 12 भाग असतात, प्रत्येक भाग एका प्राण्याचा. 11 ते 1 उंदराचा, म्हणून तिचा स्वभाव निशाचर, असं एका ओळखीच्यांनी सांगितलं. पटलंही.

पण काही जण घड्याळाची नाही, स्थानिक सूर्याची वेळ धरतात. आपली प्रमाणवेळ 82.5 रेखांशाची, मुंबई 73 च्या जवळ. म्हणजे साधारण 39 मिनिटं वजा. मग जन्म 10:41 चा, तास डुकराचा! अशा वेळी कोणती वेळ धरायची? आणि उंदराचाच तास धरला तर दिवसाचा स्तंभ 11 ला बदलतो की 12 ला? यावरही दोन मतं दिसतात.

शिवाय चिनी वैद्यकात 11 ते 1 पित्ताशयाची वेळ, तेव्हा झोपलेलंच बरं म्हणतात. मग उंदराच्या तासाला जन्मलेल्यांनाही तोच नियम का? तिला बळजबरीने लवकर झोपवायचं माझ्या जिवावर येतं. कुणी दोन्ही वेळांनी पत्रिका मांडून पाहिली असेल, तर नक्की लिहा.