ब्रेडीला मध्यंतराआधी बाहेर बोलावलं, तिथे जॅक चार्ल्टन चुकलाच

डावा_पाय (धागाकर्ता)

६ सप्टेंबर १९८९. डब्लिनचं लॅन्सडाउन रोड मैदान, आयर्लंड विरुद्ध पश्चिम जर्मनी, मैत्रीपूर्ण सामना. मध्यंतर व्हायला अजून वेळ आहे आणि मैदानाच्या कडेला बदलीची खूण होते. बाहेर यायचंय लिअम ब्रेडीला, आत जातोय अँडी टाऊनसेंड. ब्रेडीला काही लागलेलं नाही, तो लंगडतही नाहीये. प्रशिक्षक जॅक चार्ल्टनला तो मैदानावर नको झालाय. या सामन्यानंतर ब्रेडीने आंतरराष्ट्रीय फुटबॉल सोडत असल्याचं सांगून टाकलं.

ज्यांनी त्याला पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. डब्लिनचा पोरगा, जन्म १९५६चा. घरातच फुटबॉल, थोरला भाऊ रे आयर्लंडकडून खेळलेला. हा पंधराव्या वर्षी लंडनला आर्सेनलकडे गेला आणि १९७३ मध्ये त्यांच्या पहिल्या संघात आला. डिसेंबर १९७८ मध्ये टॉटनहॅमच्या मैदानावर जाऊन आर्सेनलने त्यांना ५-० हरवलं, त्यातला ब्रेडीचा गोल शोधून बघाच. पेनल्टी क्षेत्राच्या जवळ तो पीटर टेलरकडून चेंडू काढून घेतो, एक पाऊल पुढे टाकतो आणि डाव्या पायाच्या बाहेरच्या अंगाने मारतो. चेंडू वळत वळत वरच्या कोपऱ्यात. मी हा गोल किती वेळा पाहिला असेन याचा हिशेब नाही. दर वेळी वाटतं की इतक्या कमी ताकदीत हे कसं जमलं? १९७९ला इंग्लंडमधल्या खेळाडूंनी मतं देऊन त्याला वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरवलं.

१९८०ला तो युव्हेंटसला गेला. त्याच वर्षी इटलीने परदेशी खेळाडूंवरची बंदी उठवली होती आणि प्रत्येक क्लबला एकच परदेशी घेता येत होता. युव्हेंटसने त्या एका जागेवर हा माणूस घेतला. दोन हंगाम, दोन विजेतेपदं. दुसरं विजेतेपद कसं आलं ते सांगतो. १६ मे १९८२, शेवटचा दिवस, फिओरेंटिना आणि युव्हेंटस गुणांवर बरोबरीत, सामना कातांझारोला. क्लबने ब्रेडीला आधीच सांगून टाकलं होतं की पुढच्या वर्षी प्लाटिनी आणि बोनिएक हे दोन नवे परदेशी येणार, तुला जागा नाही. युव्हेंटसला पेनल्टी मिळाली. मारायला कोण गेलं? ब्रेडी. गोल, १-० आणि चषक युव्हेंटसचा. ज्यांनी त्याला दार दाखवलं त्यांच्यासाठी त्याने हे केलं.

अशा माणसाला आपल्याच गावच्या मैदानावर, आपल्याच लोकांसमोर, मध्यंतरापर्यंतसुद्धा थांबू न देता बाहेर काढायचं? दहा मिनिटं थांबून खोलीत सांगता आलं असतं. माझ्या मते चार्ल्टन इथे चुकला आणि त्याचं कुठलंही यश या चुकीला झाकू शकत नाही. तुम्हाला काय वाटतं?

निकाल_आधी

अजिबात पटलं नाही. तुम्ही ब्रेडीची सगळी कारकीर्द सांगितली, पण त्या दिवशी मैदानावर जो ब्रेडी होता त्याच्याबद्दल एक ओळ लिहिली नाहीत. तो ३३ वर्षांचा होता. त्याचा क्लब वेस्ट हॅम त्याच वर्षी दुसऱ्या डिव्हिजनमध्ये घसरला होता. समोर पश्चिम जर्मनी, म्हणजे पुढच्याच उन्हाळ्यात जग जिंकणारा संघ. असल्या मधल्या फळीसमोर धावायला पाय लागतात.

आणि तो सामना नावालाच मैत्रीपूर्ण. विश्वचषकाची पात्रता फेरी सुरू होती, उत्तर आयर्लंड आणि माल्टा हे दोन सामने बाकी होते. चार्ल्टनला एकच गोष्ट तपासायची होती: मोठ्या संघासमोर ब्रेडी चालेल का? त्याला उत्तर मिळालं, त्याने बदल केला. तोवर आयर्लंड एकदाही विश्वचषकाला गेलेलं नव्हतं. अख्खा देश वाट बघत असताना प्रशिक्षकाने एका खेळाडूच्या मानापमानाचा विचार करायचा?

लिफीकाठचा

मी आठ वर्षं डब्लिनमध्ये राहतो. लॅन्सडाउन रोड आता राहिलं नाही, त्याच जागेवर अवीवा स्टेडियम उभं आहे. मी इथे आल्यावर एका घरी जेवायला गेलो होतो, तिथे हा वाद पहिल्यांदा ऐकला. बाप चार्ल्टनच्या बाजूचा, मुलगा ब्रेडीच्या. दोघांचाही आवाज चढला, आईने उठून बटाट्याचं भांडं उचललं आणि आत गेली. बापाचं एकच म्हणणं होतं: जॅकने आम्हाला १९९०च्या विश्वचषकाचा उन्हाळा दिला. मुलगा म्हणाला, उन्हाळा दिला, पण चेंडू आमच्याकडून काढून घेतला. ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलंय.

पेठेतला_हाफ

मी कोल्हापूरचा. कॉलेजात मधल्या फळीत खेळायचो. प्रशिक्षकाचं नाव घेत नाही, त्यांनी मला एकदा मध्यंतराच्या सात-आठ मिनिटं आधी बाहेर घेतलं. आमच्या सामन्याची तुलना त्या सामन्याशी होत नाही, हे मला कळतं. पण ते चालत बाहेर येणं कसं असतं तेवढं सांगतो.

मैदान एकदम मोठं होतं. कडेची रेषा येता येत नाही. बाकावर जागा नव्हती म्हणून मी पाण्याच्या कॅनशेजारी जमिनीवर बसलो. सगळे म्हणत होते बूट काढ, मोकळा हो. मी बूट काढले नाहीत, कारण काढले की संपलं. मध्यंतराला पोरं आली, त्यांनी लिंबू चोखलं आणि परत गेली, तरी मी बूट घालूनच बसलेलो. घरी जाईपर्यंत ते पायातच होते. मध्यंतराला बाहेर घेतलं असतं तर मी चारचौघांत आत गेलो असतो आणि शर्ट बदलून आलो असतो, कुणाच्या लक्षातही आलं नसतं. म्हणून सांगतो भावा, त्या दहा मिनिटांचा फरक पडतो. ज्याला पडत नाही असं वाटतं तो कधी बाहेर आलेला नसतो.

निकाल_आधी

वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण जर्मनीने त्या दहा मिनिटांत आणखी एक गोल केला असता तर? सामना १-१ सुटला. प्रशिक्षकाला जे दिसतंय त्यावर त्याने दहा मिनिटं गप्प बसावं हे मला मान्य नाही.

चेंडू_जमिनीवर

मूळ मुद्दा खेळाच्या पद्धतीचा आहे. चार्ल्टन १९८६ला आला, १९६६चा विश्वविजेता इंग्रज बचावपटू. त्याची रीत सरळ होती: मागच्या माणसाने चेंडू मधल्या फळीला द्यायचाच नाही, प्रतिस्पर्ध्याच्या फुलबॅकच्या, म्हणजे कडेच्या बचावपटूच्या पाठीमागे लांब टाकायचा. फुलबॅक पाठमोरा होऊन धावेल, आपल्या फॉरवर्डनी त्याच्या मागे लागायचं आणि अख्ख्या संघाने वर सरकून त्यांना तिथेच दाबून धरायचं. ब्रेडीचा अख्खा जन्म याच्या उलट गेला. तो खाली यायचा, बचावपटूच्या पायातून चेंडू घ्यायचा, मान वर करून बघायचा आणि मग पास द्यायचा. त्याला डोक्यावरून जाणाऱ्या चेंडूंकडे बघत उभं करायचं आणि मग म्हणायचं की हा धावत नाही!

आणि हाताशी माणसं कोण होती बघा. रॉनी व्हेलन, रे हाउटन, केव्हिन शीडी, पॉल मॅकग्रा. लिव्हरपूलचे, एव्हर्टनचे, अव्वल दर्जाचे. यांना चेंडू खेळू दिला असता तर? १९९०च्या विश्वचषकात आयर्लंडने पाच सामन्यांत फक्त दोन गोल केले. एक पेनल्टी शूटआऊट सोडला तर एकही सामना जिंकला नाही. इजिप्तशी ०-०, तो सामना मी पूर्ण बघितला आणि मला राग आला होता.

निकाल_आधी

पाच सामने खेळले, म्हणजे उपांत्यपूर्व फेरी गाठली, तीही पहिल्याच विश्वचषकात! रोममध्ये यजमान इटलीकडून फक्त १-०. त्याआधी १९८८च्या युरोमध्ये, म्हणजे युरोपच्या राष्ट्रीय संघांच्या स्पर्धेत, स्टुटगार्टला इंग्लंडला हरवलं, सोव्हिएत संघाशी बरोबरी केली, नेदरलँड्सविरुद्ध शेवटच्या आठ-दहा मिनिटांत गोल खाल्ला, नाहीतर पुढे गेले असते. हे सगळं ब्रेडीशिवाय.

आता उलट बघा. ब्रेडी १९७४ला सोव्हिएत संघाविरुद्ध पहिला सामना खेळला. तेव्हापासून १९८६पर्यंत तो संघाचा प्राण होता आणि त्या बारा वर्षांत आयर्लंड एकाही मोठ्या स्पर्धेला पात्र ठरलं नाही.

डावा_पाय

ही बारा वर्षं ब्रेडीच्या खात्यावर टाकू नका. १९८२च्या पात्रता फेरीत आयर्लंडच्या गटात बेल्जियम, फ्रान्स आणि नेदरलँड्स होते. आयर्लंड आणि फ्रान्स गुणांवर बरोबरीत, फ्रान्स गोलफरकावर स्पेनला गेलं आणि तिथे उपांत्य फेरीपर्यंत पोहोचलं. त्याच फेरीत मार्च १९८१ला ब्रसेल्समध्ये पाऊस कोसळत होता, ब्रेडीच्या फ्री किकवर फ्रँक स्टेपलटनने गोल केला आणि पंचांनी तो नाकारला. शेवटच्या काही मिनिटांत कुलेमान्सने बेल्जियमचा गोल केला, आयर्लंड १-० हरलं. त्या एका निर्णयावर गट फिरला. तो गोल धरला असता तर आज आपण ब्रेडीचा विश्वचषक कसा गेला यावर बोलत असतो.

आणि १९८८ची युरो ब्रेडीशिवाय म्हणता, पण तिथे पोहोचले कसे? सप्टेंबर १९८६ला ब्रसेल्समध्ये शेवटच्या मिनिटांत पेनल्टी मारून २-२ करणारा ब्रेडीच होता. पात्रता फेरी चार्ल्टनच्याच हाताखाली तो खेळला.

निकाल_आधी

बरं झालं तुम्हीच सांगितलंत. म्हणजे चार्ल्टन त्याला वापरत होता, खुन्नस नव्हती. युरो हुकली ती ब्रेडीच्या स्वतःच्या लाल कार्डामुळे. ऑक्टोबर १९८७, बल्गेरियाविरुद्ध, संघ २-० पुढे असताना त्याने प्रतिस्पर्ध्याला मारलं. चार सामन्यांची बंदी आली, अपिलात ती दोनवर आली, आणि मग गुडघ्याने घात केला. यात चार्ल्टनचा काय दोष?

डावा_पाय

काहीच नाही. त्या लाल कार्डाबद्दल मी ब्रेडीची बाजू घेणार नाही. त्याला सारख्या लाथा बसत होत्या हे खरं, पण इतका अनुभवी माणूस, त्याने हात-पाय आवरायला हवे होते.

मे_ब्याऐंशी

एक वेगळा प्रश्न विचारतो. धागाकर्त्याने कातांझारोची पेनल्टी सांगितली. युव्हेंटसने दोन विजेतेपदं देणाऱ्या माणसाला २६व्या वर्षी काढलं, तेव्हा तो ऐन भरात होता. पहिल्या हंगामात लीगमध्ये क्लबसाठी सर्वांत जास्त गोल त्याचेच. चार्ल्टनने ३३व्या वर्षी काढलं. कुणाचं वागणं जास्त कठोर? आणि तेव्हाचा युव्हेंटसचा प्रशिक्षक ट्रापाटोनी. २००८ला तो आयर्लंडचा प्रशिक्षक झाला तेव्हा ब्रेडी त्याचाच सहायक म्हणून उभा राहिला. युव्हेंटसबद्दल त्याच्या मनात कडवटपणा राहिला नाही, मग आपण चार्ल्टनवरच का रागवायचं?

पेठेतला_हाफ

कारण तिथे आधी सांगितलं होतं. दार लावून, समोर बसवून सांगितलं की पुढच्या वर्षी तू नाहीस. वाईट बातमीच ती, पण पचवायला वेळ मिळाला आणि शेवटच्या सामन्यात दहा नंबरचा शर्टही अंगावर राहिला. त्याने पेनल्टी मारली ती म्हणूनच मारू शकला. लॅन्सडाउन रोडला त्याला बातमी कळली ती हजारो लोकांबरोबर, त्याच क्षणी.

मे_ब्याऐंशी

हं. हा फरक माझ्या लक्षात आला नव्हता. युव्हेंटसचा निर्णय जास्त निष्ठुर, सांगण्याची रीत मात्र माणुसकीची. चार्ल्टनचं बरोबर उलटं झालं. निवड योग्य आणि रीत वाईट.

निकाल_आधी

रीतीवर मी फार भांडणार नाही. पण एक गोष्ट विसरू नका. मे १९९०ला, इटलीला निघण्याआधी, त्याच मैदानावर फिनलंडविरुद्ध ब्रेडीचा निरोपाचा सामना झाला आणि त्याची ७२वी कॅप, म्हणजे देशासाठीचा ७२वा सामना, तोच. संघ चार्ल्टनचाच होता. मनात आकस असता तर हे झालं नसतं.

चेंडू_जमिनीवर

त्याच महिन्यात वेस्ट हॅमसाठी शेवटचा सामना खेळताना, वुल्व्ह्जविरुद्ध, त्याने गोल केला. ४-० जिंकले. पाय इतकेही गेलेले नव्हते.

आणि डेव्हिड ओ'लिअरीचं नाव कुणी घेतलंच नाही. तोही आर्सेनलचा, ब्रेडीचा जोडीदार, चेंडू पायात ठेवून खेळणारा बचावपटू. चार्ल्टनने त्याला दोन वर्षांहून जास्त संघाबाहेर ठेवलं होतं. मग परत घेतलं. इटलीत रोमानियाविरुद्ध ०-०, पेनल्टी शूटआऊट. गोलरक्षक पॅकी बॉनरने तिमोफ्तेचा फटका अडवला आणि शेवटची पेनल्टी मारायला गेला ओ'लिअरी. गोल. हे घडलं जेनोआत, सांपदोरियाच्या मैदानावर, जिथे ब्रेडी १९८२ ते १९८४ दर पंधरा दिवसांनी खेळायचा. ब्रेडी त्या संघात असता तर मैदानाचा इंच न् इंच ओळखीचा होता.

डावा_पाय

हे वाचून पोटात कालवलं. टाऊनसेंड त्या संघात हवा होता, ३४ वर्षांचा ब्रेडी इटलीच्या उन्हात पाच सामने सुरुवातीपासून खेळला नसता, हेही मान्य करतो. पण २२ जणांत शेवटची वीस मिनिटं खेळणारा एक माणूस बसला असता. इजिप्तविरुद्ध गोल सापडत नव्हता तेव्हा त्या डाव्या पायाची वीस मिनिटं मला बघायची होती.

निकाल_आधी

इजिप्तच्या सामन्यापुरतं तुमच्याशी सहमत. तेवढ्यापुरतंच.

लिफीकाठचा

रविवारी त्याच घरी जेवायला जातोय. ट्रापाटोनीचा मुद्दा मांडून बघतो, बाप-लेक काय म्हणतात ते सोमवारी इथे लिहितो.