लिनक्सची चर्चाच फार, मग मशीनं कुठे आहेत?

नौपाडेकर
सोसायटीच्या ऑफिसातल्या पीसीवर अजून विंडोज १० आहे. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, ती आमच्या डब्यात नाही. दोन रात्री नेटवर वाचत बसलो. जिथे जावं तिथे विंडोज सोडा, लिनक्स ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम घ्या; तिचाच अवतार मिंट टाका, उबुंटू टाका. वाटलं, अर्धं जग तिकडे गेलं, आपणच मागे राहिलो. मग राम मारुती रोडने येताना मुद्दाम डोकावत आलो : मेडिकल, झेरॉक्स, पॅथॉलॉजी, सीए. सगळीकडे तीच खिडकीची खूण. माझं मत सरळ आहे, जी गाडी सारखी अडते तिचीच चर्चा जास्त.

ऐरोलीकर
काका, उलटं आहे. विंडोज अडलं की तुम्ही स्टेशनजवळच्या पोराला फोन करता. तो येतो, फॉरमॅट मारतो, चहा पिऊन जातो. त्या बिघाडाची कुठेच नोंद नाही. लिनक्सवाल्याला बोलवायला पोरगाच नाही, म्हणून तो एररची ओळ जशीच्या तशी चिकटवून विचारतो आणि सुटलं की काय केलं तेही लिहून ठेवतो. माझा स्कॅनर अशाच कुणाच्या तरी जुन्या उत्तराने चालू झाला.

नौपाडेकर
म्हणजे पोरगा नाही हे मान्य! मग आमच्या सेक्रेटरींनी रात्री नऊला कोणाला गाठायचं?

ऐरोलीकर
खिशातला अँड्रॉइड लिनक्सच्या गाभ्यावरच (कर्नल) चालतो. त्यासाठी कधी कोणाला गाठलंत?

नौपाडेकर
नाही. वापर प्रचंड, चर्चा शून्य. हेच तर म्हणतोय.

कोपरीची पत्रिकावाली
दोघंही गप्प बसणाऱ्यांना सुखी समजताय. माझं लग्नपत्रिकांचं काम. वीस वर्षांच्या फाइली युनिकोडच्या (सगळ्या मशीनवर अक्षरं सारखी दिसण्याची पद्धत) आधीच्या मराठी फॉन्टात. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडल्या की 'श्री गणेशाय नमः'च्या जागी टक्के, कंस आणि डॉलर. म्हणून विंडोज. प्रेमबिम काही नाही, आणि आजवर कुठे एक ओळ लिहिली नाही. ही शांतता नाइलाजाची आहे.

घणसोली_७
१९९२च्या जानेवारीत मिनिक्स ही शिकवण्यासाठीची ऑपरेटिंग सिस्टीम लिहिणाऱ्या टॅनेनबॉम सरांनी न्यूजग्रुपवर (तेव्हाचा नेटवरचा चर्चेचा कट्टा) लिनक्स कालबाह्य ठरवलं, लिनक्स लिहिणारा टॉरवाल्ड्स त्यांच्याशी भांडला. रचनेवरून जोरदार जुंपली होती. पुढे लिनक्स कुठे गेलं ते दिसतंच आहे. पण २०१७मध्ये उघड झालं की इंटेलच्या तेव्हाच्या नव्या चिपसेटमधल्या मॅनेजमेंट इंजिनात, म्हणजे पीसीच्या आत गुपचूप चालणाऱ्या छोट्या संगणकात, मिनिक्स बसलंय. खुद्द सरांनाही तोवर पत्ता नव्हता! (काकांचा डबा बहुधा त्याहून जुना.) सांगा आता, आवाजावरून काय मोजणार?

नौपाडेकर
बरं, मोजणं सोडा. पीसीचं काय करू?

ऐरोलीकर
प्रिंटरचं मॉडेल टाका. मेंटेनन्सचा हिशेब कशात ठेवता?

नौपाडेकर
विंडोजवाल्या टॅलीत.

कोपरीची पत्रिकावाली
या, बसा माझ्या शेजारी.