जोके सिल्वा: सुरुवात कोणत्या सिनेमापासून करावी?

रंगवेडी_नाशिक:
नमस्कार मंडळी. आमच्या नाट्यवर्गाला कॉलेजची मुलंमुली येतात. त्यांना एक कारकीर्द नीट उलगडून दाखवायची आहे आणि मी नायजेरियातल्या लेगॉस शहरातल्या अभिनेत्री जोके सिल्वा निवडल्या आहेत. वर्गातल्या बहुतेकांना थेट कॅमेऱ्यासमोर जायचंय, तालीम म्हणजे वेळ घालवणं वाटतं. या बाईंनी सिनेमात नाव कमावूनही नाटक सोडलं नाही, वर नवे नट घडवायची शाळा काढली. हाती एकच दुपार आहे. एक पूर्ण सिनेमा आणि थोड्या गप्पा एवढंच जमेल. त्यांचा मी फक्त 'नमस्ते वहाला' हा सिनेमा पाहिलाय. काय दाखवू?

जुना_लेगॉसकर:
ताई, निवड फार आवडली. नोकरीमुळे बरीच वर्षं तिकडे होतो, म्हणून सांगतो: सिनेमा लावण्याआधी नाटकाबद्दल बोला. लेगॉसच्या इगान्मू भागातलं नॅशनल थिएटर 1977 च्या फेस्टॅक या आफ्रिकी कला महोत्सवासाठी बांधलेलं. लांबून लष्करी टोपी ठेवल्यासारखं दिसतं. 1981 मध्ये नायजेरियाच्या स्वातंत्र्याच्या 21 व्या वर्धापनदिनानिमित्त तिथे नायजेरियन नाटककार वोले सोयिंकांचं 'जेरोज मेटामॉर्फसिस' झालं. लेगॉसच्या समुद्रकिनाऱ्यावर भक्त गोळा करणारा भोंदू बाबा, असं ते नाटक. जोके आणि अभिनेते ओलू जेकब्स यांची भेट याच नाटकाच्या वेळची, पुढे ते नवराबायको झाले. 2024 मध्ये त्या थिएटरला सोयिंकांचंच नाव दिलं गेलं.

आणि हे मुलांना आवर्जून सांगा: बाई लंडनच्या वेबर डग्लस अकादमीत नाटक शिकल्या आणि लेगॉस विद्यापीठात इंग्रजी साहित्य. नायजेरियात व्हिडिओ सिनेमाची लाट आली ती नव्वदीच्या दशकात. त्याच्या कितीतरी आधी त्या रंगमंचावर उभ्या होत्या.

मृण्मयी_क:
माझं मत 'फुनमिलायो रॅन्सम-कुटी'ला. 2024 मध्ये नायजेरियात थिएटरांत लागला. ऐन उमेदीतली फुनमिलायो केहिंदे बँकोले, उतारवयातली जोके सिल्वा. फुनमिलायो म्हणजे गायक फेला कुटीची आई. नायजेरियातल्या अबेओकुटा शहराच्या बाजारात बसणाऱ्या बायकांवर वेगळा कर होता. त्याविरुद्ध तिने हजारो बायका संघटित केल्या, राजवाड्यासमोर ठिय्या दिला, राजाला टोचणारी गाणी गायली. शेवटी 1949 मध्ये अलाके, म्हणजे तिथल्या राजाला, गादी सोडावी लागली. मुलांना हे सगळं नवं असेल, आणि एकच पात्र वेगवेगळ्या नट्या कशा पेलतात यावर तासभर बोलता येईल.

दिग्दर्शिका बोलान्ले ऑस्टिन-पीटर्स. मूळच्या वकील. लेगॉसच्या व्हिक्टोरिया आयलंडवरचं टेरा कल्चर हे कलाकेंद्र त्यांनीच 2003 मध्ये सुरू केलं आणि मोठमोठी संगीत नाटकं उभी केली. तुमच्या विषयाला दुसरं उदाहरण आयतंच मिळतंय.

बाळकृष्ण_द:
मृण्मयी, सिनेमा चांगलाच आहे, पण दुपारी जेवून आलेल्या पोरांना आधी इतिहास नको. 'फोन स्वॅप' लावा (2012, कुन्ले अफोलायन). लेगॉस विमानतळावर दोघांच्या फोनची अदलाबदल होते आणि दोघंही एकमेकांच्या आयुष्यात जाऊन पडतात. जोके त्यात नायकाची आई आहेत. विनोदी कामात त्यांची वेळ किती अचूक साधते ते बघा. समोरच्याचं वाक्य पुरतं संपू देतात, मगच आपलं टाकतात. आमच्याकडे नवखी पोरं नेमकी इथेच घाई करतात. योरुबा, इग्बो या तिथल्या भाषा आणि पिजिन म्हणजे तिथली मिश्र इंग्रजी, सगळं मिसळलेलं असतं, तेव्हा सबटायटल्स चालू ठेवा.

रंगवेडी_नाशिक:
बाळकृष्णकाका, पटलं. 'नमस्ते वहाला' मग वगळू ना? आणि शाळेबद्दल कुणी सांगेल का?

जुना_लेगॉसकर:
वगळू नका, पाच मिनिटं दाखवा. नायक मुंबईचा रुसलान मुमताज, जोके सिल्वा नायिकेची आई. ओळखीच्या चेहऱ्याने मुलं चटकन आत येतील. पण पूर्ण दाखवू नका, त्यात बाईंना करायला फारसं काही नाही.

शाळेचं नाव लुफोडो अकादमी ऑफ परफॉर्मिंग आर्ट्स. नवराबायकोच्या लुफोडो समूहाची. निर्मिती, वितरण आणि प्रशिक्षण तिन्ही एका घरात. शिक्षणाची बाजू जोके सांभाळतात. क्वारा राज्य विद्यापीठाशी जोडलेल्या मालेटे फिल्म व्हिलेजच्या पहिल्या व्यवस्थापकीय संचालकही त्याच. 2006 मध्ये 'विमेन्स कॉट'साठी आफ्रिका मूव्ही अकादमीचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्री पुरस्कार मिळाला, 2014 मध्ये एमएफआर हा राष्ट्रीय सन्मान. मात्र पुरस्कार शेवटच्या मिनिटाला सांगा, आधी तालमीबद्दल बोला.

मृण्मयी_क:
ताई, 'फोन स्वॅप'च लावा, मी हरकत मागे घेते. फुनमिलायो पुढच्या महिन्यात. सिनेमा कुठे उपलब्ध आहे ते आदल्या दिवशी पुन्हा तपासा, हे सिनेमे इकडून तिकडे हलत असतात.