जबडा वाजतो, ओपीजी नॉर्मल. सीबीसीटी करू का?

खारीबिस्किट:
जांभई दिली की उजव्या कानापुढे कट्‌कन वाजतं. आधी नुसतंच वाजायचं, दिवाळीनंतर दुखायलाही लागलं. चकली, ऊस, कडक भाकरी सगळं बंद. कानाच्या डॉक्टरांनी कान स्वच्छ आहे म्हणून दातांकडे पिटाळलं. तिथे ओपीजी, म्हणजे अख्ख्या जबड्याचा एक्स-रे काढला, त्यात काही नाही. आता म्हणतात थ्री-डी स्कॅन करा, सीबीसीटी. नवरा म्हणतो, करून मोकळी हो. पण ओपीजीत नाही ते यात काय दिसणार? आणि रेडिएशनचं काय?

दंतकथा:
ताई, मी दातांची रेडिओलॉजिस्ट, रोज हेच बघते. ओपीजीत सगळा जबडा एका सपाट फोटोत येतो. सांध्याची घुंडी, म्हणजे कॉन्डाइल, त्यात तिरकी पडते आणि वर दुसऱ्या हाडांची सावली. थोडीफार झीज असेल तर कळत नाही. सीबीसीटीत मशीन डोक्याभोवती फिरतं आणि मला घुंडीचे हवे तसे काप बघता येतात: हाड कुरतडलंय का, कडेला कोंब फुटलाय का.

पण कट्‌ आवाज बहुतेक वेळा घुंडी आणि कवटीच्या मधल्या चकतीचा असतो, आणि ती सीबीसीटीत दिसत नाही. तिच्यासाठी एमआरआय, तोंड मिटून आणि उघडून. चकतीसाठी सीबीसीटीची चिठ्ठी आली की माझं डोकंच फिरतं.

रेडिएशन ओपीजीपेक्षा जास्त, नेहमीच्या सीटीपेक्षा सहसा कमी. दिवस गेले असतील तर आधी सांगा.

तोंडात तीन बोटं उभी जातात का? वाळूवर चालल्यासारखी करकर येते का?

खारीबिस्किट:
तीन बोटं जेमतेम जातात. उघडताना जबडा आधी उजवीकडे सरकतो, मग कट्‌ होऊन सरळ येतो. करकर नाही. रात्री दात खाते असं नवरा सांगतो.

दंतकथा:
म्हणजे चकती सरकून परत जागेवर येत असावी. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय ठाम सांगणार नाही, पण स्कॅनची घाई मला तरी दिसत नाही. मऊ खा, गरम शेक घ्या, जांभई येताना हनुवटीखाली मूठ धरा, नाइट गार्डचं (रात्री दातांवर घालायचं कव्हर) डॉक्टरांना विचारा. करकर सुरू झाली किंवा दात पहिल्यासारखे जुळेनात, तर सीबीसीटी. तोंड अचानक कमी उघडायला लागलं तर लगेच दाखवा. आणि रिपोर्टात घुंडी जराशी चपटी आली तरी घाबरू नका, काही न दुखणाऱ्यांचीही असते.

सांगलीकर:
माझं उलट झालं. करकर होती, ओपीजी नॉर्मल, सीबीसीटीत हाड कुरतडलेलं निघालं. पुढे रक्त तपासलं तर आमवात. तेव्हा करायची वेळ आलीच तर चिठ्ठीवर ‘दोन्ही सांधे’ लिहून घ्या, नाहीतर नुसते दात स्कॅन करून पाठवतात. सीडीही मागून घ्या.

खारीबिस्किट:
आत्ता चिठ्ठी काढून बघितली. ‘वरचा व खालचा जबडा’ एवढंच आहे, सांध्याचं नावच नाही! सोमवारी आधी डॉक्टरांना विचारते.